माथेरानच्या वाटा

मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कल्याण आणि कर्जत यांच्या दरम्यान नेरळ नावाचे स्थानक लागते. तेथे उतरून नैर्ऋत्येकडे दृष्टी टाकली म्हणजे सपाट माथ्याचा एक विस्तीर्ण डोंगर समोर उभा दिसतो. त्याच्या बाजू तुटलेल्या कड्यांच्या आहेत आणि माथा गर्द झाडीने झाकलेला आहे. माथ्यावरचे रान ते माथेरान, अशी या डोंगराच्या नावाची फोड सांगतात. आणि त्याचे रूप पाहता ती यथार्थ वाटते. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर वसलेले हे गिरिस्थान रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात आहे.

या डोंगराच्या कडेकडेने तिसांहून अधिक प्रेक्षणस्थळे आहेत. इंग्रजी अमदानीपासून त्यांना 'पॉइंट' असे नाव पडले आहे. मराठीत त्यांस टोक म्हणणे अधिक सरळ होईल, कारण ती खरोखरच डोंगराची टोके आहेत. प्रत्येक टोकापर्यंत झाडीतून गेलेली तांबड्या मातीची पायवाट आहे. शाळांच्या सहली येथे मोठ्या संख्येने येतात. परंतु त्यांतील पुष्कळशा सहली एकाच प्रकारे फसतात. सकाळी उत्साहाने निघालेली मुले एका टोकावरून दुसऱ्या टोकाकडे धावत सुटतात, कोठेही नीट थांबत नाहीत, दुपारी पाणी संपते, पाय दुखू लागतात आणि संध्याकाळी सूर्य मावळला तरी सगळी तुकडी बाजारापासून तासभर दूर, अंधाऱ्या झाडीत, कड्याजवळच्या वाटेवर असते. असे होण्याचे कारण मुलांचा आळस किंवा शिक्षकांचा निष्काळजीपणा हे नसते. सहलीची आखणी निघण्याच्या वेळेपासून केलेली असते, एवढाच तिच्यातला दोष. डोंगरावरील दिवसाची आखणी परतण्याच्या वेळेपासून, म्हणजे उलट्या बाजूने, करावी लागते. ती कशी, हे समजण्यासाठी प्रथम हा डोंगर समजून घेतला पाहिजे.

१८५० साली मे महिन्यात ठाणे जिल्ह्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम डोंगराच्या दक्षिण पायथ्याच्या चौक या गावी होता. तेथून ते हा डोंगर चढून आले, येथील गार हवेने प्रसन्न झाले आणि पुढे त्यांनी येथे घर बांधले. मॅलेट यांनी माथेरानचा 'शोध लावला' असे म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः ठाकर, धनगर आणि कातकरी लोक त्यापूर्वी कितीतरी पिढ्या या रानात वावरत होते, आणि वर येण्याच्या वाटाही त्यांच्याच पावलांनी पडलेल्या होत्या. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी या ठिकाणाकडे लक्ष पुरविले आणि रस्ते, बंगले व बाजार यांची वाढ झाली. टोकांना दिलेली लुईसा, अलेक्झांडर, शार्लट ही नावे त्या काळाची खूण आहेत.

चालत जाण्याचा कंटाळा असणाऱ्यांसाठी १९०७ साली लहान आगगाडी सुरू झाली. मुंबईचे धनिक सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा पुरविला आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी ते काम तडीस नेले. या गाडीच्या रुळांमधील अंतर अवघे दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर आहे. नेरळपासून माथेरानपर्यंत डोंगर चढायचा तो सुमारे साडेसातशे मीटर. मग लोहमार्ग वीस किलोमीटर लांब कशासाठी, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचे उत्तर साध्या गणितात आहे. या मार्गाचा सर्वांत उभा चढ विसास एक असा आहे. म्हणजे गाडी वीस मीटर पुढे गेली की एक मीटर वर चढते. या हिशेबाने साडेसातशे मीटर चढण्यास निदान पंधरा किलोमीटर मार्ग हवाच. आणि सगळीकडे इतका उभा चढ ठेवता येत नाही, म्हणून तो आणखी लांबला. नागमोडी वळणे घेत, जुम्मापट्टी, वॉटर पाइप व अमन लॉज ही स्थानके मागे टाकीत ही गाडी दोन तासांहून अधिक वेळाने माथ्यावर पोहोचते. घाई असणाऱ्याने तिच्यात बसू नये. ज्याला चढण म्हणजे काय हे डोळ्यांनी पाहायचे आहे, त्याने मात्र एकदा तरी बसावे.

मोटारीने येणाऱ्यांची वाट दस्तुरी नाक्यापाशी संपते. त्यापुढे खाजगी मोटारींना बंदी आहे. केंद्र शासनाने २००३ साली माथेरान व त्याच्या भोवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम म्हणून घोषित केला, आणि मोटारींविना राहण्याची ही जुनी परंपरा त्यामुळे अधिकच दृढ झाली. नाक्यावर नगरपरिषदेचा प्रवेशकर भरून अडीच-तीन किलोमीटर चालत, घोड्यावरून किंवा अमन लॉजहून सुटणाऱ्या लहान गाडीने बाजारात जाता येते. पूर्वी माणसांनी ओढण्याच्या रिक्षाही येथे होत्या. एका मनुष्याने दुसऱ्याला ओढून न्यावे ही प्रथा सहा महिन्यांत बंद करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. आणि तो फार पूर्वीच मिळावयास हवा होता. असो. मुद्दा हा, की माथेरानात प्रवाशाचे खरे वाहन म्हणजे त्याचे पाय. म्हणून येथील अंतरे किलोमीटरांत मोजण्यापेक्षा तासांत मोजावीत.

आता या डोंगराची घडण पाहू गेल्यास असे दिसते, की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहून आलेल्या तप्त लाव्हारसाचे थर एकावर एक पसरत गेले आणि थंड होऊन त्यांचा काळा पाषाण बनला. महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच पाषाणाचा आहे. थर आडवे असल्यामुळे डोंगराचा माथा सपाट राहिला. पाऊस आणि ओढे यांनी बाजू पोखरल्या, तेव्हा खडकाचे उभे कडे सुटत गेले. माथ्यावरचा पाषाण लक्षावधी वर्षांच्या पावसाने झिजला. त्यातील विरघळणारी द्रव्ये वाहून गेली आणि लोहाचा अंश मागे राहून तांबडा जांभा दगड तयार झाला. माथेरानच्या वाटांचा तांबडा रंग हा या जांभ्याचा रंग आहे. घरी परतल्यावर कपड्यांवरून तो सहजी जात नाही, हे तेथे जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या आईला ठाऊक असते.

या घडणीत सहलीला जाणाऱ्याच्या उपयोगाची एक गोष्ट आहे. उतार हळूहळू खाली गेला असता तर टोकावर उभे राहून दरीचे संपूर्ण दर्शन घडले नसते. मध्ये झाडे आली असती. पायांपुढे कडा एकदम तुटतो म्हणूनच दृष्टीला अडथळा राहत नाही. परंतु जेथे दृष्टीला अडथळा नाही, तेथे घसरणाऱ्या पायालाही अडथळा नाही. त्यातच कड्याच्या काठावरील जांभा पावसाने भुसभुशीत झालेला असतो आणि वाटेवर बारीक खडी पसरलेली असते. तीवर गुळगुळीत तळाचे बूट घालून चालणे म्हणजे धान्याच्या राशीवर चालण्यासारखे आहे. काही टोकांवर लोखंडी कठडे आहेत, काहींवर नाहीत. जेथे कठडा आहे तेथे त्याच्या आत राहावे. जेथे नाही तेथे काठापासून मोठ्या माणसाच्या चार पावलांइतके दूर थांबावे आणि खाली बसून दरी पाहावी. बसलेल्या मनुष्याला भोवळ आली तरी तो पडत नाही. छायाचित्र काढून घेण्यासाठी काठाकडे पाठ करून मागे मागे सरकणे हा तर शुद्ध अविचार होय.

केव्हा जावे, हा पुढचा प्रश्न. जूनपासून सप्टेंबरपर्यंत या डोंगरावर पावसाचा मारा फार असतो. धुके इतके दाट उतरते, की टोकावर जाऊनही पांढऱ्या पडद्यापलीकडे काही दिसत नाही. नेरळहून निघणारी गाडी या दिवसांत बंद असते. केवळ अमन लॉज ते माथेरान एवढा तुकडा चालू राहतो. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीने हा लोहमार्ग ठिकठिकाणी वाहून गेला आणि तो पूर्ववत होण्यास २००७ साल उजाडले. २०१९ च्या पावसातही त्याची अशीच हानी झाली. नेरळहून गाडी पुन्हा सुटू लागली ती २०२२ च्या ऑक्टोबरात. पुढच्या वर्षी जुलै महिन्यात जवळच्याच इर्शाळगडाच्या अंगावरील इर्शाळवाडीवर रात्री दरड कोसळली आणि झोपेत असलेल्या कितीतरी कुटुंबांवर काळाने घाला घातला. पावसाळ्यात सह्याद्री सुंदर दिसतो हे खरे. तथापि लहान मुलांच्या तुकडीने त्या दिवसांत कड्यांच्या वाटेला जाऊ नये. मे महिन्यात गर्दी फार होते, आणि हवेत धूळ व धूसरपणा असल्यामुळे दूरचे डोंगर पुसट होतात. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. पावसाने हवा धुऊन निघालेली असते, झाडांची पाने हिरवी असतात आणि ऊन बेताचे असते. उंची वाढली की हवा थंड होते; दर हजार मीटरांस सहा-साडेसहा अंश असे हे प्रमाण आहे. त्यामुळे माथेरान नेरळपेक्षा चार-पाच अंशांनी थंड असते. हिवाळ्यातील पहाटेसाठी स्वेटर बरोबर असलेला बरा.

हिवाळ्याचा एक तोटा मात्र ध्यानात ठेवला पाहिजे: दिवस लहान असतो. डिसेंबरच्या आरंभी या भागात सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो. मे महिन्याच्या अखेरीस तो सात वाजून गेल्यावर मावळतो. मावळल्यानंतर उघड्या मैदानावर वीस-पंचवीस मिनिटे दिसण्याजोगा उजेड राहतो. झाडीत तेवढाही राहत नाही.

चालण्याच्या वेळेचा हिशेब करण्यासाठी विल्यम नाइस्मिथ या स्कॉटलंडमधील गिरिभ्रमणकाराने १८९२ साली एक ढोबळ नियम घालून दिला. आजच्या मापांत सांगायचे तर, पाच किलोमीटर चालण्यास एक तास धरावा आणि प्रत्येक सहाशे मीटर चढास आणखी एक तास मिळवावा. नियम चांगला आहे. पण तो धडधाकट प्रौढ माणसांसाठी आहे. चाळीस मुलांच्या तुकडीत कोणाच्या बुटाचे बंद सुटतात, कोणाला तहान लागते, कोणाला झाडावर माकड दिसते. अशा तुकडीचा वेग ताशी तीन किलोमीटरांहून अधिक धरू नये. तुकडीचा वेग म्हणजे तिच्यातील सर्वांत सावकाश चालणाऱ्या मुलाचा वेग. पुढे धावणाऱ्याच्या वेगाला येथे काही किंमत नाही.

नकाशावर माथेरानचा आकार पाहिला तर मधला मुख्य भाग दक्षिणोत्तर लांबट दिसतो आणि त्याच्या बाजूंना लांब सोंडा फुटलेल्या दिसतात. बाजार व लोहमार्गाचे स्थानक मधल्या भागात आहेत. अगदी उत्तरेला पॅनोरमा पॉइंट आहे, पूर्वेच्या सोंडेवर गार्बट पॉइंट आहे, आणि पश्चिमेच्या बाजूस पॉर्क्युपाइन पॉइंट, ज्याला सूर्यास्ताचे टोक म्हणूनच सगळे ओळखतात. नैर्ऋत्येच्या बाजूस शार्लट तलाव असून लुईसा, एको व लॉर्ड ही टोके त्याच्या आसपास आहेत. दक्षिणेकडे अलेक्झांडर, रामबाग, वन ट्री हिल आणि शेवटी चौक पॉइंट. एवढे ध्यानात आले म्हणजे उत्तरेचे एक टोक आणि दक्षिणेचे एक टोक एकाच दुपारी पाहण्याचा बेत किती फोल आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. टोके निवडावयाची ती नावे ऐकून नव्हे, तर नकाशावर एकमेकांच्या शेजारी असलेली पाहून.

समजा, डिसेंबर महिन्यात एखाद्या शाळेची तुकडी दोन दिवसांसाठी निघाली आहे. ती सकाळी साडेसातला नेरळला उतरली. लहान गाडीत जागा मोजक्या असतात. चाळीस जणांना त्या मिळतीलच असे नाही, म्हणून मोटारीने दस्तुरीपर्यंत जाण्याची व्यवस्था अगोदरच ठरवून ठेवलेली असावी. नाक्यावरून चालत दहाच्या सुमारास तुकडी मुक्कामी पोहोचेल. सामान ठेवून, पोटभर जेवून, थोडी विश्रांती घेऊन दुपारी बाहेर पडावे. आता पहिला प्रश्न, सूर्यास्त कोठून पाहायचा? येथे उलटी आखणी उपयोगी पडते. पॉर्क्युपाइन पॉइंट बाजारापासून मुलांच्या चालीने तासाहून अधिक अंतरावर आहे. सहाला सूर्य मावळला, आणि दहा मिनिटांत तुकडी मोजून निघाली, तरी पंधरा मिनिटांतच झाडीत काळोख होईल. आणि पुढे जवळजवळ एक तास काळोखातून चालावे लागेल. प्रौढांनी विजेऱ्या घेऊन हे खुशाल करावे. अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी लुईसा पॉइंट बरा. तोही पश्चिमेकडेच तोंड करून आहे, बाजाराला पुष्कळ जवळ आहे, आणि तेथूनही सूर्य पश्चिमेच्या डोंगरांआड उतरताना दिसतो. नामांकित टोक सोडून कमी नामांकित टोक निवडले म्हणून सूर्य काही कमी तांबडा होत नाही.

सूर्यास्ताची जागा ठरली, की दुपार आपोआप ठरते. अडीचच्या सुमारास निघून झाडीतल्या वाटेने शार्लट तलावाकडे जावे. या तलावाचे पाणी माथेरानच्या पिण्यासाठी आहे. म्हणून त्यात उतरणे, पाय धुणे किंवा काही टाकणे वर्ज्य मानावे. जवळच पिसरनाथाचे मंदिर आहे. तो या डोंगराचा ग्रामदेव.

तेथून एको पॉइंटवर. या टोकावर हाक मारली असता समोरच्या कड्यावर आदळून ती परत येते. सगळ्यांनी एकदम ओरडले तर नुसता गलका होतो आणि रानातील पाखरे उडून जातात. त्याऐवजी एकानेच एकदा मोठ्याने टाळी वाजवावी, दुसऱ्याने सेकंद मोजणारे घड्याळ हातात धरावे आणि बाकीच्यांनी निःशब्द राहावे. ध्वनी हवेतून एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. टाळीनंतर समजा दोन सेकंदांनी प्रतिध्वनी ऐकू आला, तर ध्वनीने ६८० मीटर अंतर तोडले. त्यातील अर्धे जाण्याचे आणि अर्धे येण्याचे. म्हणजे समोरचा कडा ३४० मीटर दूर आहे. दरीत दोरी न सोडता आणि पाऊलही न हलवता तिची रुंदी अशी मोजता येते. हा प्रयोग तीन-चार वेळा करून सरासरी काढावी.

पाचच्या सुमारास लुईसा पॉइंटवर पोहोचल्यास समोर पश्चिमेला प्रबळगडाचा विशाल डोंगर उभा दिसतो. माथेरान आणि प्रबळ हे दोन्ही सारख्याच लाव्हाथरांचे बनलेले आहेत, हे त्यांच्या कड्यांवरील आडव्या रेषांवरून कळून येते. मधली दरी पावसाच्या पाण्याने कोरून काढली आहे. उजेड असेतो प्रत्येकाने वहीत समोरच्या डोंगराची बाह्यरेषा काढावी. चित्र चांगले येण्याची गरज नाही. रेषा काढताना जे दिसते ते नुसते पाहताना दिसत नाही. सूर्य मावळताच, आकाशातील रंग ओसरण्याची वाट न पाहता, परत फिरावे. अंधार खरोखर दाटेल तेव्हा बाजारातील दिवे जवळ आलेले असतील.

दुसऱ्या दिवशी पॅनोरमा पॉइंट. बाजारापासून ही वाट पाच किलोमीटरांच्या आसपास आहे. ताशी तीन किलोमीटरांच्या वेगाने जाण्यास पावणेदोन तास आणि येण्यास तेवढेच. तेथून सूर्योदय पाहण्याची पुष्कळांना हौस असते. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे तुकडीला सव्वापाचला, पुऱ्या अंधारात, कड्यालगतच्या वाटेने निघावे लागेल. त्यापेक्षा उजाडल्यावर निघणे शहाणपणाचे. पावणेनऊलाही सूर्य पुरेसा खाली असतो आणि तिरप्या उन्हात डोंगरांच्या घड्या स्पष्ट उठून दिसतात. हिवाळ्यात रात्री थंड झालेली जड हवा खोऱ्यात साचते आणि तीत धुके धरते. म्हणून पुष्कळदा माथ्यावर लख्ख ऊन आणि खाली उल्हास नदीच्या खोऱ्यात पांढऱ्या धुक्याचे सरोवर, असे दृश्य या वेळी पाहावयास मिळते. पूर्वेस खोऱ्यापलीकडे सह्याद्रीची मुख्य रांग भिंतीसारखी पसरलेली असते. भीमाशंकर त्याच रांगेवर आहे. माथेरान त्या रांगेपासून सुटा झालेला डोंगर आहे, हे पुस्तकात वाचून जितके कळत नाही तितके येथे एका दृष्टिक्षेपात कळते. उत्तरेला अगदी जवळ, याच डोंगरधारेला जोडून, पेबचा किल्ला दिसतो. आठशे मीटर उंचीवरून पृथ्वीच्या गोलाईमुळे क्षितिज शंभर किलोमीटरांच्या आसपास असते. हवा तितकी स्वच्छ असणे ही मात्र विरळ गोष्ट. मुंबई सरळ रेषेत पन्नास किलोमीटरांच्या आतच आहे, आणि स्वच्छ रात्री हार्ट पॉइंटवरून तिचे दिवे दिसतात.

बरोबर काय घ्यावे याची यादी फार लांबवू नये. जे घ्यावे ते स्वतःच्या पाठीवर वाहावयाचे असते. प्रत्येकाजवळ निदान दीड लिटर पाणी हवे, कारण बाजार सोडल्यावर दूरच्या टोकांवर पाणी मिळण्याचा भरवसा नाही. खाचांचा तळ असलेले, आधी पायांत रुळलेले बूट असावेत. सहलीसाठी मुद्दाम आणलेले कोरे बूट पहिल्याच तासात टाचेला फोड आणतात. चपाती-भाजी, गूळ-शेंगदाणे असा सुटसुटीत शिधा उत्तम. तो थैलीच्या आत बंद ठेवावा, हातात धरून चालू नये. येथील माकडे हातातील पुडा हिसकावून घेण्यात तरबेज झाली आहेत, आणि त्यांचा हा दुर्गुण त्यांना प्रवाशांनीच शिकविला आहे. त्यांना खाऊ घालू नये. रिकाम्या पुड्या व बाटल्या पुन्हा थैलीत घालून खाली न्याव्यात. कड्यावरून खाली टाकलेली वस्तू कोणीही उचलू शकत नाही. कागदावरील नकाशा, दिशादर्शक आणि पाच जणांमागे एक विजेरी, एवढे तुकडीजवळ असावे. भ्रमणध्वनीवर सर्वस्वी विसंबू नये. दरीच्या बाजूला त्याचा संपर्क तुटू शकतो, आणि दिवसभर छायाचित्रे काढलेल्या यंत्राची वीज नेमकी संध्याकाळी संपते.

वाटेवर घोडे येत-जात असतात. घोडा समोरून किंवा मागून आला तर वाटेच्या डोंगराकडील बाजूस उभे राहावे, दरीकडील बाजूस कधीही नव्हे. आणि तो निघून जाईपर्यंत स्तब्ध राहावे. घोड्यावर बसावयाचे असेल तर भाडे अगोदर ठरवावे.

रानात शांतपणे चालणाऱ्याला येथे शेकरू दिसण्याचा संभव असतो. ही तांबूस रंगाची, झुबकेदार शेपटीची मोठी खार महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. ती सहसा जमिनीवर उतरत नाही. उंच झाडांच्या शेंड्यांतून एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर झेप घेत जाते आणि काटक्यापानांची गोल घरटी बांधते. तिला पाहण्यासाठी वर पाहावे लागते, आणि चालताना वर पाहणे धोक्याचे. म्हणून आधी थांबावे, मग पाहावे. जांभूळ, हिरडा, अंजनी हे येथील नेहमीचे वृक्ष. अंजनीच्या झाडाला फुलांचा बहर आला, की फांद्यांवर निळ्याजांभळ्या रंगाचा लेप दिल्याचा भास होतो.

तुकडीच्या पुढे एक शिक्षक आणि मागे एक शिक्षक असावा. पुढच्याला कोणी ओलांडू नये आणि मागच्याच्या मागे कोणी राहू नये. प्रत्येक टोकावर पोहोचल्यावर व तेथून निघताना मुले मोजावीत. वाटांना फाटे पुष्कळ आहेत. फाट्यावर पाटी असली तरी सगळी तुकडी एकत्र जमल्याखेरीज पुढे पाऊल टाकू नये. एवढे करूनही एखादा मुलगा मागे पडला आणि वाट चुकली असे त्याच्या ध्यानात आले, तर त्याने तेथेच थांबावे. धावत शोध घेणारा मुलगा दर मिनिटाला आणखी दूर जातो आणि शोधणाऱ्यांचे काम अवघड होते. थांबलेला मुलगा जेथे चुकला त्याच्या जवळच सापडतो. त्याने वाटेवरच, कड्यापासून दूर, बसून राहावे आणि थांबून थांबून शिट्टीचे तीन-तीन आवाज द्यावेत. यासाठी प्रत्येकाच्या गळ्यात एक साधी शिट्टी असावी. खेळण्यासाठी ती वाजवायची नाही, हे मात्र नेरळला उतरण्यापूर्वीच बजावून ठेवावे. नाही तर खऱ्या शिट्टीकडेही कोणी लक्ष देणार नाही.

दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमारास तुकडी पॅनोरमाहून परतेल. जेवण, आवराआवर आणि दस्तुरीपर्यंतची चाल यांत दुपार जाईल. दक्षिणेकडील टोके या सहलीत राहूनच जातील, आणि ती तशी राहू द्यावीत. अलेक्झांडर आणि रामबाग या टोकांपर्यंतची वाट सोपी आहे. वन ट्री हिल व चौक पॉइंट यांसाठी मात्र स्वतंत्र दिवस हवा. वन ट्री हिलजवळून शिवाजी लॅडर नावाची अतिशय उभी वाट पायथ्याकडे उतरते. ती वाट माहीत असलेला स्थानिक माणूस बरोबर असल्यावाचून मुलांनी तिच्यावर पाऊल ठेवू नये. चौक पॉइंटवरून मॅलेट यांचा मुक्काम होता तो दक्षिण पायथ्याचा प्रदेश खाली पसरलेला दिसतो, जवळ इर्शाळगडाचा सुळका दिसतो, आणि पाऊस संपून आठ-पंधरा दिवसच झाले असतील, तर नैर्ऋत्येला कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळकाही ओळखू येतो.